खिडकीकडचा स्पीकर

लक्ष्मीकांत घैसास म्हणजे मुलखाचे संशयी. दूधवाला दारात आला की ते आधी भांडं पुढे करत नसत, लॅक्टोमीटर पुढे करत. भाजीवाल्याच्या तराजूची पारडी ते उलटीपालटी करून बघत. लखनौला येऊन पस्तीस वर्षं झाली, तरी ‘पहले आप’ म्हणणारा माणूस आपल्याला नेमका कशात ढकलतोय हे बघितल्याशिवाय त्यांनी पाऊल उचललं नाही.

रेल्वेच्या संशोधन कार्यालयात पुलांच्या गर्डरमधल्या भेगा शोधण्यात त्यांची नोकरी सरली होती. वर रंग चकचकीत असेल तिथे आत भेग असणार, हा अनुभव ते कचेरीतून घरीही घेऊन येत. त्यांच्या पत्नी सरोजताई देवभोळ्या. सकाळची पूजा, तिन्हीसांजेची रामरक्षा, चतुर्थीचा उपास, यांत कधी खंड नाही. देवावर भार टाकावा आणि निजावं, असं त्यांचं. कुणावरच भार टाकू नये, असं यांचं. तरी संसार नीट झाला. एकमेकांच्या प्रांतात दोघांनीही फारसा पाय घातला नाही, एवढंच त्याचं कारण.

निवृत्त झाल्यावर २००५ साली ते इंदिरानगरच्या घरात आले आणि त्यांना नाद लागला तो जुन्या जपानी रिसीव्हरांचा, म्हणजे स्पीकरला गाणं पुरवणाऱ्या पेट्यांचा. लाकडी कवच, पुढे ॲल्युमिनियमची जाडजूड बटणं, रेडिओची निळसर उजळणारी पट्टी. एके काळी कुवेत-मस्कतहून लोकांनी हौसेने आणलेले हे सेट आता रविवारी नक्खासच्या जुन्या बाजारात, पिंजऱ्यातल्या पोपटांच्या शेजारी धूळ खात पडलेले असत. घैसास पहाटे तिथे जात. रिसीव्हर एका सेटचा, स्पीकर दुसऱ्याचे. लोक रूप बघून दोन्ही घरी नेत आणि आठ दिवसांत रिसीव्हर तापून गप्प होई. मग ते घैसासांकडे येत. कुठल्या रिसीव्हरला कुठले स्पीकर मानवतील हे बिनचूक सांगणारा माणूस, असं त्यांचं नाव हजरतगंजपर्यंत झालं होतं.

एकदा सरोजताईंनी विचारलं, “एवढं काय असतं हो त्यात? तार जोडली की झालं.”

“तार जोडली की झालं!” घैसास खुर्चीत सरसावले. “अगं, रिसीव्हर म्हणजे स्वयंपाकीण आणि स्पीकर म्हणजे पंगतीचा पाहुणा. आठ ओहमचा पाहुणा बेताचं जेवतो. चार ओहमचा खादाड. स्वयंपाकीण दणकट असली तर त्यालाही पुरी पडते. नाजूक असली तर तिला घाम फुटतो. आणि अशा खादाडांच्या दोन जोड्या एकदम बसवल्या, की चूलच विझते.”

“मग पाहुण्यालाच विचारावं, किती जेवणार म्हणून.”

“पाठीवर लेबल असतं ना. पण लेबलावर कोण विश्वास ठेवतो?”

ते ठेवत नसतच. मीटर लावून स्वतः मोजत. आठच्या स्पीकरला मीटरचा काटा सहाच्या आसपास उभा राहतो, चारच्याला तीनच्या. तेवढ्यानेही त्यांचं समाधान होत नसे. शेवटचा निकाल कानांचा. भजनाची एक जुनी तबकडी होती, तिच्यात गायकाच्या मागे चिपळ्या वाजत. त्या चिपळ्यांचा झणत्कार दोन्ही स्पीकरांतून सारखा, काचेसारखा लखलखीत आला, तर जोडी जमली. नाही आला तर घैसास मान हलवत, आणि मग समोर कलेक्टर असला तरी त्यांचा निकाल बदलत नसे.

दुरुस्तीचं काम मात्र त्यांच्या हातचं नव्हतं. ते अमीनाबादच्या गल्लीतला रामसजीवन करी. रामसजीवन विश्वकर्मा बाराबंकीकडचा, पन्नाशीचा, पान खाणारा, बोलायला गोड. वीस वर्षं एकाच दुकानात, एकाच स्टुलावर. घैसास त्याच्यासमोर दुसरं स्टूल टाकून बसत आणि आपला सेट उघडल्यापासून मिटेपर्यंत नजर काढत नसत. घरून निघताना सरोजताईंच्या कोयरीतलं कुंकू डिंकात कालवून प्रत्येक स्क्रूवर ते ठिपका देत. ठिपका मोडला, तर स्क्रू उघडला.

“साहब तो पेचों की पूजा करके लाते हैं,” रामसजीवन हसून म्हणे.

“पूजा नाही. पंचनामा,” घैसास म्हणत. साहेबांचं मराठी त्याला एव्हाना कळे.

२०१२च्या आषाढात मात्र गडबड झाली. घैसासांना ताप भरला, सर्दीने डोकं जड झालं, आठ दिवस अंथरूण सुटलं नाही. त्यांच्या स्वतःच्या जोडीतल्या खिडकीकडच्या स्पीकरची फोमची झालर लखनौच्या ओलीने कुजून फाटली होती. रामसजीवन तो न्यायला आधी ठरल्याप्रमाणे येऊन उभा राहिला. सरोजताईंनी तो देऊन टाकला. ना ठिपके, ना नजर. पाचव्या दिवशी नवी झालर लावून स्पीकर परत आला. वीस-बावीस किलोचं ते धूड रामसजीवनने स्वतः उचलून जागेवर ठेवलं, भाभीजींच्या हातचा चहा घेतला आणि गेला.

ताप उतरला तसे घैसास हॉलमधल्या आपल्या खुर्चीत बसले. समोरच्या भिंतीशी दोन स्पीकर, डाव्या हाताचा खिडकीकडे, उजव्या हाताचा दाराकडे. तबकडी लावली. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“सरोज, हा स्पीकर पोकळ वाजतोय.”

“कुठला?”

“खिडकीकडचा. चिपळ्या नाहीत यात.”

सरोजताई पदराला हात पुसत आल्या. त्यांना दोन्हीकडून ऐकू येत होत्या. पण नवऱ्याच्या कानांपुढे आपले कान म्हणजे काय! त्या परत कामाला लागल्या.

घैसासांनी पद्धतशीर तपास केला. रिसीव्हरच्या मागच्या तारा काढून डावीची उजवीकडे आणि उजवीची डावीकडे लावली. दोष रिसीव्हरमध्ये असता तर तो दाराकडच्या स्पीकरात गेला असता. तो खिडकीकडेच राहिला. म्हणजे स्पीकरच बिघडलेला. चिपळ्या ज्यातून येतात तो आतला छोटा ट्वीटर रामसजीवनने काढून घेतला आणि तिथे दिल्लीचा नकली बसवला, असा त्याचा अर्थ.

“तो असं नाही करायचा हो.”

“कशावरून? ठिपके होते? मी बसलो होतो समोर? अगं, सात वर्षं तो याच दिवसाची वाट बघत होता. आणि दिलास कुणी? तू.”

हे शेवटचं सरोजताईंना लागलं. त्या दिवसापासून खिडकीकडच्या स्पीकरवरचं कापड झटकतानाही आपण काहीतरी घालवल्यासारखं त्यांना वाटू लागलं.

घैसासांनी फोन करून रामसजीवनला बोलावलं. तो आला, म्हणाला, “साहब, खोलकर देख लीजिए. वही है.”

“हूबेहूब नकली भी मिलता है.”

“तो फिर मैं क्या दिखाऊँ?”

“तेच तर. काही दाखवता येणार नाही असंच काम केलंय तुम्ही.”

रामसजीवनने पानाची पिंक गिळली आणि जिना उतरला. गोष्ट एवढ्यावर राहिली असती तर वेगळं. पण महिन्याच्या दुसऱ्या रविवारी घैसासांकडे चार शौकिनांची बैठक असे. बँकेतून निवृत्त झालेले निगमसाहेब त्यात मुख्य. त्या बैठकीत घैसासांनी सांगून टाकलं, “सजीवन माल बदलता है. मेरा बदल दिया.” घैसासांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. निगमसाहेबांनी तो पुढे पोचवला, आणि बघता बघता हजरतगंज, महानगर, अलीगंज, सगळीकडच्या लोकांनी आपले सेट रामसजीवनच्या दुकानातून उचलून नेले.

त्या वर्षी अधिक भाद्रपद आला, म्हणून गणपती लांबले. आतल्या खोलीची भिंत ओलीने पाझरत होती, तेव्हा सरोजताईंनी मखर हॉलमध्येच मांडलं. स्पीकरांच्या बरोबर समोरच्या भिंतीशी, म्हणजे घैसासांच्या खुर्चीच्या जागी. खुर्ची सरकली हॉलच्या मधोमध.

“आणि पाच दिवस तोंड इकडे करून बसायचं,” सरोजताईंनी बजावलं. “देवाकडे पाठ चालणार नाही.”

“मग स्पीकरकडे पाठ होते!”

“होऊ दे. त्यांना राग नाही येत.”

ऋषिपंचमीच्या सकाळी रामसजीवन दर्शनाला आला. दरवर्षी येई. या वर्षी येणार नाही असं सरोजताईंनी धरलं होतं. त्याने चपला बाहेर काढल्या, बुंदीच्या लाडवांचा पुडा देवापुढे ठेवला, हात जोडले. घैसास आत अंघोळीला गेले होते.

“भाभीजी,” तो हळूच म्हणाला, “सामान तो आप ही के हाथ से गया था, आप ही के हाथ में आया. आपको भी लगता है?”

सरोजताईंनी देवापुढचा प्रसाद त्याच्या हातावर ठेवला. समोर देव होता. खोटं बोलता येईना, आणि खरं त्यांना माहीत नव्हतं.

“मेरा क्या है, काम तो आता-जाता है,” तो म्हणाला. “लेकिन चोर कहलाकर उस दुकान में बैठा नहीं जाता. दिवाली तक देखूँगा, फिर बाराबंकी लौट जाऊँगा.” आणि प्रसाद डोक्याला लावून तो गेला.

दुपारी फुलं निवडताना सरोजताईंचं चित्त नव्हतं. आपण दारात उभं राहून दिलेल्या एका वस्तूपायी एका माणसाचं वीस वर्षांचं दुकान उठणार. तो चोर असेल तर उठू दे. पण नसेल तर? हे पाप कुणाच्या खात्यावर?

संध्याकाळी घैसासांनी देवासमोर भजन लावायचं म्हणून तीच तबकडी काढली आणि मखराकडे तोंड करून खुर्चीत बसले. दोन मिनिटांत ते ताडकन उठले.

“सरोज! कोण आलं होतं आज?”

“रामसजीवन. का?”

“वाटलंच! आता दाराकडचा पोकळ झाला. खिडकीकडचा एकदम चांगला वाजतोय. त्याने येऊन अदलाबदल केली. आपली चोरी लपवायला!”

“काहीतरीच काय! मी इथेच होते. तो मखरापासून हलला नाही.”

“तू प्रसाद आणायला आत गेली असशील.”

“प्रसाद देवापुढेच होता. आणि ती धुडं उचलायला काय तो मारुती आहे, दोन मिनिटांत दोन्ही फिरवायला?”

घैसासांनी तारा तपासल्या. त्यांवर आपणच बांधलेल्या दोऱ्यांच्या गाठी जशाच्या तशा. स्पीकरखालची धुळीची चौकटसुद्धा हललेली नव्हती. ते खाली वाकून बोटाने धूळ चाचपत राहिले आणि सरोजताई खुर्चीकडे बघत राहिल्या. आता संशय त्यांना आला, पण निराळाच. आषाढातल्या तापानंतर हे फोन उजव्या कानाला लावतात. गुरगावहून मुलगी कौमुदी विचारत होतीच, “आई, बाबा आजकल इतना ज़ोर से क्यों बोलते हैं?” जेवताना आपण डावीकडून भात वाढू का विचारलं तर ओ देत नाहीत, आपल्याला वाटायचं, रागावलेत.

“अहो,” त्या म्हणाल्या, “खुर्ची फिरवा. पहिल्यासारखं तोंड करा स्पीकरकडे.”

“आणि देवाकडे पाठ?”

“मी मागेन त्याची क्षमा. फिरवा तुम्ही.”

घैसासांनी खुर्ची फिरवली. ऐकलं. पोकळपणा खिडकीकडे गेला. पुन्हा मखराकडे फिरवली. तो दाराकडे आला. तिसऱ्यांदा फिरवून पाहिली. मग त्यांनी उजव्या कानात बोट घातलं. सरोजताईंना चिपळ्या छान ऐकू येत होत्या, तबकडी फिरत होती, पण नवऱ्याच्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं की त्यांच्याकरता त्या थांबल्या आहेत. जो स्पीकर डाव्या कानाकडे येईल तो पोकळ. इतके दिवस त्यांनी तारा फिरवल्या होत्या. खुर्ची कधी फिरवली नव्हती.

त्या रात्रीच्या आरतीला त्यांनी नेहमीची झांज हातात घेतली नाही.

गणपती गेल्यावर दोघं हजरतगंजात कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तिथल्या मुलीने हेडफोन चढवले, आवाज आला की बटण दाबा म्हणाली. तपासणी झाल्यावर घैसास म्हणाले, “बेटा, इस हेडफोन की बाईं तरफ़ खराब है. उलटा लगाओ.”

“अंकल, मशीन ठीक है.”

“उलटा लगाओ.”

तिने उलटे लावले. कागदावरची रेघ पुन्हा डाव्याच कानापाशी दरीत कोसळली. डॉक्टर म्हणाले, नस कमजोर झाली आहे, वरचे बारीक सूर गेले, तापात लगेच आला असतात तर काही करता आलं असतं. घैसासांनी तो कागद दिव्यापुढे धरून दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. शेअर रिक्षा पार चिनहटच्या वळणापर्यंत गेली. इंदिरानगर मागे गेलं हेही दोघांच्या ध्यानात आलं नव्हतं.

घरी आल्यावर म्हणाले, “सजीवनला दोन-तीन सेट पाठवतो दुरुस्तीला. लोक बघतील, आपोआप मिटेल.”

“तसं नाही मिटत,” सरोजताई म्हणाल्या. “चारचौघांत बोललात, चारचौघांत परत घ्या.”

“आणि काय सांगू? कान गेला? उद्यापासून माझ्याकडे कोण येईल? बहिरा जोड्या जुळवतो म्हणतील. एवढं एकच उरलंय माझ्याकडे, सरोज.”

सरोजताईंना वाईट वाटलं. आपण फार कठोर होतोय की काय, असंही वाटलं. पण ऋषिपंचमीचा तो प्रश्न अजून त्यांना टोचत होता.

“त्याच्याकडेही एकच होतं,” त्या म्हणाल्या. “रविवारी मी त्याला बोलावलंय. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. स्पीकर मी दिला होता.”

“म्हणजे तू त्याच्या बाजूची?”

“हो. या वेळी त्याच्या बाजूची.”

दुसरा रविवार आला. पितृपक्ष चालू होता, तरी निगमसाहेब एक रिसीव्हर आणि दोन स्पीकर गाडीत घालून हजर. “पितरों में नया नहीं लेते, भाभीजी,” त्यांनी खुलासा केला. “यह तो पुराना है. पुराने को पितृपक्ष नहीं लगता.” सगळे हसले. तेवढ्यात दारात रामसजीवन उभा राहिला आणि हसू विरलं. बसा म्हटलं तरी तो बसेना.

घैसास उठले. कचेरीत पुलाचा अहवाल वाचावा तसे खाकरले. “वह जो मेरे स्पीकर में खराबी थी,” ते म्हणाले, “मिल गई.”

“कहाँ थी?” निगमसाहेबांनी विचारलं.

घैसासांनी डाव्या कानावर बोट ठेवलं. “यहाँ. सजीवन का काम पक्का था. मैंने ग़लत कहा.” आणि पुरावा म्हणून तो कागद उलगडून टेबलावर ठेवला. निगमसाहेबांनी तो उचलून वाचला.

आता रामसजीवन रडेल, नाही तर ‘कोई बात नहीं साहब’ म्हणेल, असं सरोजताईंना वाटलं होतं. तो तसलं काही म्हणाला नाही.

“साहब ने निगम साहब से कहा था,” तो शांतपणे म्हणाला. “निगम साहब ने किस-किस से कहा?”

निगमसाहेब गडबडले. “अरे भई, याद थोड़े ही है!”

“मुझे याद है. सात लोग अपना सामान उठा ले गए. नंबर मेरे पास हैं. आप बोलिए, मैं मिलाता हूँ.”

त्याने खिशातून मोबाइल काढला. निगमसाहेबांनी घैसासांकडे पाहिलं. घैसासांनी मान खाली घातली. मग एकामागून एक सात फोन झाले. निगमसाहेब घाम पुसत पुसत तेच वाक्य सात वेळा बोलले. चौथ्या फोनला पलीकडून काहीतरी टोमणा आला असावा, कारण ते ओरडले, “हाँ जी, मेरी ही ज़बान थी, और किसकी!” सातवा संपल्यावर रामसजीवनने मोबाइल खिशात टाकला आणि सोफ्याच्या कडेला बसला. सरोजताईंनी चहा आणला, तो त्याने घेतला.

मग निगमसाहेबांची जोडी लागली. मीटरवर दोघांचं जमत होतं, आकडे चोख होते. घैसासांनी तबकडी लावली, पण खुर्चीत बसले नाहीत. “तुम बैठो,” ते रामसजीवनला म्हणाले.

रामसजीवन बिचकत बसला. डोळे मिटून त्याने तीन-चार मिनिटं ऐकलं आणि मान हलवली. “नहीं साहब. मेल नहीं है.”

“कसं नाही?” घैसास उसळले. “मीटर बरोबर, वॉट बरोबर. तुम्हें निगम को अपनी दुकान के स्पीकर बेचने हैं क्या?”

“साहब,” रामसजीवनने कप खाली ठेवला, “फिर शुरू हो गए?”

निगमसाहेब खो खो हसले. सरोजताई दारात ट्रे धरून उभ्या होत्या; त्यांनी मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं.

घैसासांनी मिटलेल्या ओठांवरून हात फिरवला. मग एक वेताचं स्टूल ओढून ते त्याच्या डाव्या अंगाला, आपला उजवा कान त्याच्याकडे करून बसले.

“बरं,” ते म्हणाले. “काय कमी आहे ते सांग. सावकाश सांग.”